दूरचित्रवाणीवरील विनोद आणि मंत्रचळ : एक चिकित्सा

प्रास्ताविक

नाद, छंद, खूळ, चळ, वेड ही मराठीतील शब्दांची उतरंड पाहिली, तर माणसाच्या अतिरेकी वागण्याकडे हा समाज किती बारकाईने पाहत आला आहे, हे लक्षात येते. छंद कौतुकाचा, नाद काळजीचा, खूळ हसण्याचा आणि वेड भीतीचा विषय ठरतो. या उतरंडीत 'मंत्रचळ' हा एक वेगळा शब्द आहे. मंत्राच्या उच्चारात चूक झाल्याने मन ढळते, या समजुतीतून तो आला. आज मराठीतील मानसशास्त्रीय लेखनात तो 'ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर' म्हणजेच ओसीडी या आजारासाठी रूढ आहे. एखादा नकोसा विचार मनात पुन्हा पुन्हा घुसणे, त्यामुळे प्रचंड अस्वस्थता येणे आणि ती शमविण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे, असे या आजाराचे स्वरूप आहे. विचार आणि कृती या त्याच्या दोन बाजू होत.

गेल्या तीन दशकांत दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांनी या आजाराचा, किंवा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या वागण्याचा, भरपूर वापर केला. हात धुणारा गुप्तहेर, तीनदा दार ठोठावणारा शास्त्रज्ञ, घर लखलखीत ठेवणारी गृहिणी ही पात्रे जगभर लोकप्रिय झाली. या चित्रणातून आजाराविषयी कोणती समज तयार होते, भारतीय व मराठी विनोदात तिची काय अवस्था आहे आणि कोणता विनोद न्याय्य म्हणता येईल, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विकृती : रसशास्त्रातील आणि वैद्यकातील

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे विभाव सांगताना विकृत वेष, विकृत अलंकार यांबरोबर व्यंगाचे दर्शन आणि दोष दाखविणे यांचाही उल्लेख येतो. हास्याचा उगम विकृतीत आहे, ही कल्पना भारतीय रसविचाराइतकी जुनी आहे. आधुनिक मराठीत मानसिक आजारांसाठी परिभाषा घडविताना 'विकृती' हाच शब्द वापरला गेला. एकाच शब्दाने रंगभूमीवरील हास्याचे कारण आणि रुग्णालयातील निदान या दोहोंचा निर्देश व्हावा, हा योगायोग असला तरी सूचक आहे. जे नेहमीपेक्षा वेगळे ते हास्यास्पद, या सवयीतून पाहणारी नजर आजाराकडेही तशीच पाहते. मात्र भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार मानून त्यांची उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत विभागणी केली. हसण्याहसण्यांत फरक असतो, हे त्या परंपरेलाही मान्य होते.

फ्रेंच तत्त्वचिंतक हेन्री बर्गसन याने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक ग्रंथात वेगळ्या वाटेने असाच विचार मांडला. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येते, असे त्याचे सूत्र आहे. या सूत्राच्या आधारे पाहता ओसीडी हा विनोदकाराला आयता मिळालेला विषय ठरतो. कुलूप लावलेले पुन्हा ओढून पाहणे, पायऱ्या मोजणे, वस्तू सरळ रेषेत मांडणे या कृतींत पुनरावृत्ती आहे, यांत्रिकता आहे आणि त्या क्षणार्धात ओळखू येतात. प्रत्येक भागात नवा प्रसंग आणि तेच पात्र, या तत्त्वावर चालणाऱ्या मालिकेला अशी खूण फार सोयीची असते.

अडचण अशी की बर्गसनच्या सूत्रातील माणूस आपल्या यांत्रिकतेविषयी बेसावध असतो. आचार्य अत्रे यांच्या 'साष्टांग नमस्कार' (१९३३) या नाटकातील रावबहादुरांना नमस्कारांचे खूळ आहे आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. त्रास होतो तो घरातील इतरांना. खुळाचा विनोद असाच चालतो. ओसीडीच्या बहुतेक रुग्णांची स्थिती याच्या नेमकी उलट असते. आपण करीत आहोत ते अनाठायी आहे हे त्यांना कळते, तरी थांबता येत नाही. खुळा माणूस आपल्या खुळात सुखी असतो. मंत्रचळाचा रुग्ण आपल्या कृतीचा पहिला बळी असतो. हा फरक ज्या विनोदात पुसला जातो, तो विनोद आजाराविषयी बोलतच नाही. तो केवळ आजाराचे नाव वापरून खुळाविषयी बोलतो.

कृती दिसते, विचार दिसत नाही

'मंक' ही अमेरिकन मालिका २००२ ते २००९ या काळात आठ पर्वे चालली. टोनी शालूब यांनी साकारलेला एड्रियन मंक हा सॅन फ्रान्सिस्कोतील माजी पोलीस अधिकारी पत्नीच्या हत्येनंतर कोसळतो आणि पुढे खासगी सल्लागार म्हणून गुन्ह्यांचा छडा लावतो. जंतू, उंची, गर्दी, दूध अशा असंख्य गोष्टींची त्याला भीती आहे. आजाराचे नाव सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्यात या मालिकेचा वाटा मोठा आहे आणि मंकचे दुःख तिने पूर्णपणे दडविलेले नाही. तो मनोविकारतज्ज्ञाकडे नियमित जातो, हेही त्या काळच्या विनोदी मालिकेच्या दृष्टीने थोडे नव्हते.

तरीही मालिकेच्या रचनेतच एक पेच आहे. मंकची बारीक नजर हीच त्याची व्याधी आणि हीच त्याची प्रतिभा, असे समीकरण तिच्यात मांडलेले आहे. तिसऱ्या पर्वातील एका भागात तो औषध घेतो, भीतीमुक्त होतो. पण त्याच वेळी गुन्हा उकलण्याची त्याची क्षमता नाहीशी होते. औषध सोडताच ती परत येते. कथेच्या सोयीसाठी घेतलेल्या या वळणाचा अर्थ असा होतो की उपचार म्हणजे प्रतिभेचा लोप. प्रत्यक्षात ओसीडीवर औषधे आणि वर्तनोपचार उपलब्ध आहेत. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून विकसित झालेला, भीतीला सामोरे जाऊन कृती रोखण्याचा उपचार आज प्रस्थापित मानला जातो. उपचाराने माणसाची बुद्धी जात नाही. विचारांच्या फेऱ्यात अडकलेला त्याचा वेळ मोकळा होतो. मालिकेला मात्र नायक बरा होणे परवडत नाही. तो बरा झाला तर मालिका संपते.

'फ्रेंड्स' (१९९४-२००४) मधील मोनिका आणि 'द बिग बँग थिअरी' (२००७-२०१९) मधील शेल्डन यांची स्थिती वेगळी आहे. मोनिकाचे स्वच्छतेचे वेड हा तिच्या स्वभावाचा भाग आहे. तिला त्यात आनंद मिळतो, म्हणून त्याला आजार म्हणणे चुकीचे ठरेल. शेल्डनचे तीनदा दार ठोठावणे वर्षानुवर्षे हशा वसूल करीत राहिले. दहाव्या पर्वात (२०१६) त्या सवयीमागील कारण उघड होते : किशोरवयात न सांगता दार उघडल्यावर वडिलांना परस्त्रीसोबत पाहिल्याचा धक्का. या एका प्रसंगाने आधीच्या सगळ्या हशाचा अर्थ बदलतो. प्रेक्षक ज्या कृतीला इतकी वर्षे हसत होता, तिच्यामागे एक विचार, एक भीती होती. परंतु ती सांगायला मालिकेने नऊ वर्षांहून अधिक काळ घेतला.

या उदाहरणांतून एक सामान्य निरीक्षण मांडता येते. कॅमेऱ्याला कृती दिसते, विचार दिसत नाही. म्हणून विनोदी मालिका आजाराची दृश्य बाजू उचलते आणि अदृश्य बाजू सोडून देते. दृश्य बाजूतही स्वच्छता आणि नीटनेटकेपणा यांनाच पसंती मिळते, कारण त्या गोष्टी निरुपद्रवी आहेत. आपल्या हातून प्रिय व्यक्तीला इजा होईल का, ही सततची शंका. देवघरासमोर उभे असताना मनात येणारे अभद्र शब्द. कामविषयक नकोशा प्रतिमा. चूक झाली असेल या भीतीने एकच परिच्छेद दहा वेळा वाचणे, ही तितकीच परिचित लक्षणे विनोदी पडद्यावर क्वचितच दिसतात. परिणामी ओसीडी म्हणजे टापटीप असे समीकरण रूढ होते. ते इतके रूढ झाले आहे की वहीत समास नीट आखणारा विद्यार्थीही 'मला ओसीडी आहे' असे हसत सांगतो. निदानासाठी मात्र लक्षणांनी दिवसाचा तासाहून अधिक वेळ खाल्ला पाहिजे, किंवा त्यांच्यामुळे लक्षणीय त्रास वा दैनंदिन जीवनात अडथळा निर्माण झाला पाहिजे, असा वैद्यकीय निकष आहे.

भारतीय विनोदातील दोन कप्पे

भारतीय दूरचित्रवाणीवरील विनोदात हा प्रश्न निराळे रूप घेतो. येथे आजाराचे नाव घेतलेच जात नाही. पात्रे दोन कप्प्यांत टाकली जातात : एक सवयीचा, दुसरा वेडाचा.

सवयीच्या कप्प्यात 'साराभाई व्हर्सेस साराभाई' (२००४-२००६) या मालिकेतील माया साराभाई येते. दक्षिण मुंबईतील उच्चभ्रू घरातील ही सासू सुनेच्या अव्यवस्थितपणावर आणि मध्यमवर्गीय सवयींवर अखंड ताशेरे ओढते. तिचा नेटकेपणा हे वर्गाभिमानाचे हत्यार आहे आणि मालिकेचा रोखही त्या अभिमानावरच आहे. तिच्याच जावयाला, दुष्यंतला, दिसेल ते उपकरण उघडून त्याची रचना समजावून सांगण्याचे खूळ आहे. २००८ पासून सुरू असलेल्या 'तारक मेहता का उल्टा चश्मा' मधील आत्माराम तुकाराम भिडे हा शिकवणी घेणारा मराठी शिक्षक शिस्त, काटकसर आणि नियम यांचा पुतळा आहे. ही तिन्ही पात्रे खुळाच्या परंपरेतील आहेत. त्यांना आजार नाही आणि मालिकांनीही तसा दावा केलेला नाही. त्यांच्यावरील विनोद म्हणूनच बहुतांशी निकोप राहतो.

दुसऱ्या कप्प्याचे ठळक उदाहरण म्हणजे २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'भाबीजी घर पर हैं' मधील अनोखेलाल सक्सेना. त्याला थपडा खाण्यात आणि विजेचा झटका घेण्यात आनंद होतो आणि त्याचे वेड हा ठरलेला हशा असतो. सक्सेनाला कोणता आजार आहे, याचे उत्तर मालिका देत नाही; तो केवळ 'पागल' आहे. विजेचा झटका ही विनोदाची वस्तू होते तेव्हा मनोविकारावरील एका उपचाराभोवतीची भीती आणि कुचेष्टा दोन्ही पक्की होतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९५ नुसार स्नायू शिथिल करणारी औषधे आणि भूल दिल्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई आहे. पडद्यावरील झटक्याला या वास्तवाचा स्पर्शही नाही.

या दोन कप्प्यांच्या मध्ये जी जागा उरते, ती ओसीडीची आहे. ज्याला आपले वागणे अनाठायी असल्याचे कळते तो 'पागल' नव्हे आणि ज्याला ते थांबवता येत नाही त्याला केवळ सवय आहे असेही नव्हे. भान शाबूत असलेला आजारी माणूस आपल्या विनोदाला अजून दिसलेला नाही. बोलीतही हीच स्थिती आहे. 'याला येरवड्याला पाठवा' किंवा 'ठाण्याला न्या' हे वाक्प्रयोग तेथील मनोरुग्णालयांमुळे रूढ झाले. या दोन टोकांच्या भाषेत मधल्या माणसाने आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगावे, हा खरा प्रश्न आहे.

मराठी चित्रपटाने मानसिक आजाराचा गंभीर विचार केला आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) मध्ये स्किझोफ्रेनिया हा विषय होता आणि सोलापूरशी नाते असलेले अतुल कुलकर्णी यांनी त्यातील रुग्णाची भूमिका केली. याच जोडीच्या 'कासव' या नैराश्यावरील चित्रपटाला २०१६ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु गंभीर चित्रपट पाहणारा प्रेक्षक मर्यादित असतो. 'चला हवा येऊ द्या' (२०१४ पासून) किंवा 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' (२०१८ पासून) यांसारख्या कार्यक्रमांची पोहोच कितीतरी अधिक. या कार्यक्रमांतील प्रहसने थोड्या वेळात पात्र उभे करण्यासाठी लकब, पालुपद आणि पुनरावृत्ती यांवर अवलंबून असतात. तो त्या प्रकाराचा दोष नव्हे. मात्र त्यामुळे लकबीमागचे मन दाखविण्यास त्यात फारशी जागा उरत नाही.

आतून सांगितलेला विनोद

मग या आजारावर विनोद होऊच नये का? तसे म्हणणे कलेवर आणि रुग्णांवरही अन्याय करणारे ठरेल. 'स्क्रब्ज' या रुग्णालयातील विनोदी मालिकेच्या तिसऱ्या पर्वात (२००३-०४) मायकेल जे. फॉक्स यांनी एका निष्णात शल्यविशारदाची पाहुणी भूमिका केली. त्याच्या विचित्र सवयी आधी हसवतात. नंतर, शस्त्रक्रिया होऊन बराच वेळ लोटला तरी तो एकटाच हात धूत उभा असलेला दिसतो. त्याला घरी जायचे आहे, पण थांबता येत नाही. आधीच्या हशाला ही मालिका नाकारत नाही. त्याची किंमत दाखविते. 'मंक'ला आठ पर्वांत सांगावे लागले त्यातले पुष्कळसे येथे एका प्रसंगात येते, कारण कॅमेरा कृती संपण्याच्या अपेक्षित क्षणाला हटत नाही.

ब्रिटनमधील 'प्युअर' (२०१९) ही सहा भागांची मालिका रोझ कार्टराइट यांच्या आत्मकथनावर आधारित होती. तिच्यातील चोवीस वर्षांच्या मार्नीला स्वच्छतेचे वेड नाही. तिच्या मनात नकोशा कामविषयक प्रतिमा अखंड घुसतात. कृती जवळजवळ अदृश्य, विचार मात्र पूर्णपणे दृश्य, अशी उलटी मांडणी येथे केली आहे. निवेदन तिचेच असल्याने प्रेक्षक तिला हसत नाही. तिच्यासोबत हसतो आणि घाबरतोही.

ही पद्धत मराठीला परकी नाही. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. दिलीप प्रभावळकर यांनी तो दूरदर्शनवर साकारला. त्यांच्याच 'अनुदिनी' या रोजनिशीवजा लेखनावर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' (२००१-२००४) ही मालिका आधारली होती. स्वतःकडे बोट दाखवून हसविण्याची ही रीत मराठी विनोदाचे मोठे संचित आहे. मंत्रचळाच्या रुग्णाला चिमणरावासारखा प्रथमपुरुषी आवाज मिळाला, तर विनोद आणि सहानुभूती यांत निवड करावी लागणार नाही.

कायद्याची कसोटी

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'आँख मिचोली' या चित्रपटासंबंधी निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर निकाल दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने दोन प्रकारच्या विनोदांत भेद केला : अपंगत्वाविषयीची समज वाढविणारा विनोद आणि अपंग व्यक्तींना हीन लेखणारा विनोद. दृश्य माध्यमांनी साचेबंद प्रतिमा टाळाव्यात आणि ज्यांचे चित्रण होते त्यांना निर्मितीत सहभागी करून घ्यावे, असे मार्गदर्शनही न्यायालयाने केले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश असल्याने हा भेद येथेही लागू पडतो.

समीक्षेच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व असे की तो विषयावर बंदी घालीत नाही, दृष्टी तपासतो. वर चर्चिलेल्या मालिकांना हा निकष लावला, तर निकाल सरसकट लागत नाही. 'मंक' समज वाढवितो आणि त्याच वेळी उपचाराविषयी गैरसमजही पेरतो. सक्सेनाचे पात्र कोणतीच समज वाढवीत नाही.

सोलापूरच्या संदर्भात

हा प्रश्न महानगरातील प्रेक्षकांपुरता नाही. सोलापूर शहराने अनेक वर्षे काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या नळाच्या पाण्यावर दिवस काढले आहेत. पडद्यावर हात धुणाऱ्या पात्राचा नळ कधी आटत नाही. जेथे पाणी पिंपात साठवून चार दिवस पुरवायचे असते, तेथे एका व्यक्तीचे वारंवार हात धुणे ही सबंध घराच्या भांडणाची बाब होते. सोवळ्याओवळ्याचे संस्कार असलेल्या घरात तेच धुणे पुण्यकर्मात जमा होते आणि घरातील स्त्रीचा आजार तिच्या कर्तव्यदक्षतेत दडून जातो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात कोणत्याही भाषेतील विनोदी कार्यक्रमाने हे वास्तव टिपले, तर ते हास्यही होईल आणि ओळखही.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय अधिक निकडीचा आहे. हा आजार बहुधा किशोरवयात किंवा तारुण्याच्या सुरुवातीस प्रकट होतो, म्हणजे विद्यार्थी वर्गात असतात त्याच वयात. उत्तरपत्रिका वेळेत पूर्ण न करणारा, एकच ओळ खोडून पुन्हा लिहिणारा विद्यार्थी आळशी किंवा बावळट ठरविला जातो. मनात अभद्र विचार येतात म्हणून मंदिरात जाणे टाळणारी विद्यार्थिनी स्वतःलाच पापी समजते. ओसीडी म्हणजे टापटीप, एवढेच दूरचित्रवाणीने शिकविलेले असल्याने आपल्याला होते आहे ते या आजारात मोडते, ही शंकाही तिला येत नाही. चुकीच्या चित्रणाची सर्वांत मोठी हानी उपहासात नसून या न ओळखण्यात आहे. अपमान निदान जाणवतो तरी. न मिळालेले नाव जाणवतही नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन कसोट्या निघतात. पहिली : विनोदात केवळ कृती आहे की तिच्यामागील विचारही आहे? दुसरी : पात्राला आपल्या स्थितीचे भान आहे, हे विनोदकाराने ओळखले आहे का? तिसरी : पात्राला बरे होण्याची शक्यता कथेने मोकळी ठेवली आहे, की हशासाठी ती बंद केली आहे? या कसोट्यांवर उतरणारा विनोद कमी हसवील, असे मानण्याचे कारण नाही. भाषा, साहित्य, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी एखाद्या मालिकेचा भाग वर्गात दाखवून या तीन प्रश्नांवर चर्चा घडविली, तरी आरंभ पुरेसा होईल. त्या वर्गात हसणाऱ्यांमध्ये एखादा विद्यार्थी असा असू शकतो, ज्याला आपल्या दुखण्याचे नाव त्याच दिवशी प्रथम कळेल.